मंगळवारची खळी

१

सकाळी दार उघडलं आणि माझ्या तोंडून शिवीच गेली. जिन्यातल्या भिंतीवर, माझ्या दादाच्या तक्त्यावर, कोणीतरी लाल मार्करनं हे एवढालं लिहून ठेवलं होतं: ‘खोटं’.

तक्ता म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी एका कागदासाठी इतकी का तडकली. दादा जन्मभर एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचा. साथ आली त्याच आठवड्यात तो निवृत्त झाला. ना निरोप, ना भाषण, ना कोणी पाठीवर हात ठेवला. घरी येऊन त्यानं आलेखाचा कागद काढला आणि आपल्या भागात रोज किती जण आजारी पडले त्याचा एकेक ठिपका टाकायला लागला. कागद संपला की पुढे दुसरा जोडायचा. घरातली भिंत पुरेना, तसा तक्ता बाहेर जिन्यात आला आणि पायऱ्यांबरोबर वर चढत राहिला. पहिलं वर्ष तळमजल्यापासून पहिल्यापर्यंत, मागचं वर्ष दुसऱ्यापर्यंत, आणि हे वर्ष आमच्या तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या आणि माझ्या दारांच्या मधल्या भिंतीवर.

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. आलेखावरच्या जाड रेषा दिसतात, फोनवरचे बारीक आकडे दिसत नाहीत. म्हणून रोज संध्याकाळी वहिनी आकडा वाचायची आणि दादा ठिपका टाकायचा. रविवारी तपासण्या कमी होतात, म्हणून सोमवारचा आकडा नेहमी खाली येतो आणि रेघेला एक खळगा पडतो. दादा त्याला ‘सोमवारची खळी’ म्हणतो, आणि प्रत्येक खळीखाली लाल पेन्सिलीनं बारीकशी खूण करतो. अशी त्याची शिस्त.

मी शिव्या घालत असतानाच सेक्रेटरी चौथ्या मजल्यावरून खाली आले. आमच्या इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी. किडकिडीत, मवाळ, कधी आवाज न चढवणारे. हातात लाल मार्कर.

‘मी लिहिलं,’ ते म्हणाले. ‘दादांना बोलवा.’

दादा आला. एका गालाला दाढीचा साबण.

‘कालचा तुमचा ठिपका कितीचा, दादा?’

‘एकशे बारा.’

‘आरोग्य खात्याच्या पानावर कालचा आकडा दोन आहे. दोन! मी आज स्वतः उघडून बघितलं. सहा आठवडे झाले, आपल्या भागात आकडा दहाच्या वर गेलेला नाही. आणि इथे बघा, हा डोंगर!’

दादानं डोंगराकडे बघितलंच नाही. तो उघड्या दारातून आत स्वयंपाकघराकडे बघत होता.

‘आज संध्याकाळी सहाला सगळे अंगणात जमणार आहेत. असं का केलंत ते सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर हा तक्ता मी माझ्या हातानं फाडतो.’

‘फाडा,’ दादा म्हणाला.

एवढंच. ना वाद, ना चौकशी. वळला, आत गेला, साबण तसाच गालावर ठेवून पलंगावर आडवा झाला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

हे तोंड फिरवणं मला माहीत होतं. साथीची पहिली लाट ओसरली, ठिपके जमिनीला टेकले, तेव्हाही तो असाच भिंतीकडे वळला होता आणि दोन महिने उठला नव्हता. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. दुसरी लाट आली तेव्हा कुठे उठला. लोक आजारी पडले की हा बरा होतो, असला माझा भाऊ! पण आहे तो माझाच. पुन्हा त्या पलंगात तो गेला, तर ह्या खेपेला बाहेर येईलच असं मला वाटत नव्हतं.

२

मला एका जागी बसवत नाही, हा जुना रोग आहे. त्यात गुडघे दुखतात, त्यामुळे फिरायचं आणि फिरताना कण्हायचं, असं दोन्ही चालतं. तीस वर्षं मी गाडीत तिकीट तपासनीस होते. माणूस खिसे चाचपायला लागला की पाणी कुठे मुरतंय ते मला कळतं. दादा खिसे चाचपणारा नाही. त्यामुळे कोणीतरी त्याच्या ठिपक्यांशी खेळलंय, असं मी धरून चालले. तक्ता उघड्यावर, कोणाचाही हात पोचेल असा.

आता रेघ वर राहण्यात फायदा कोणाचा? दुसऱ्या लाटेत कमिटीनं केलेला नियम साधा होता. दादाची रेघ तक्त्यावर आखलेल्या हिरव्या रेषेखाली सलग पंधरा दिवस राहिली, की खालचा हॉल उघडायचा आणि बाहेरच्या माणसांना इमारतीत राहायला आणायला मोकळीक. रेघ खाली येत नव्हती, म्हणून हॉलला कुलूप होतं. आणि हॉलला कुलूप असावं असं देवाकडे मागणारा एक माणूस मला ठाऊक होता.

पहिल्या मजल्यावरचे वकील. हॉल बरोबर त्यांच्या खाली. तिथे गाणंबाई मुलांना गाणं शिकवायची आणि वकिलांचं डोकं उठायचं. मी बेल वाजवली. वकिलांनी दार चार बोटं उघडलं. मला तेवढ्यात आतल्या चपला दिसल्या. मोठ्या, छोट्या, गुलाबी, लाल दिव्यांच्या.

‘जत्रा भरलीय वाटतं घरात,’ मी म्हणाले.

‘मेहुणे आलेत. महिना झाला.’ मग आवाज खाली करून म्हणाले, ‘मागच्या जिन्यानं आणले. अहो, नियम कोण पाळतंय आता?’

‘आणि हॉल? बंद आहे ते बरंच आहे ना तुम्हाला?’

वकिलांनी कपाळावर हात मारला. ‘बरं? हॉल बंद झाल्यापासून ती बाई स्वतःच्या घरी शिकवते! माझ्या डोक्यावर! आधी आवाज खालून यायचा, आता वरून येतो, आणि वर ती पायानं ताल धरते. हॉल उघडा म्हणून मी तीन अर्ज दिलेत. विचारा सेक्रेटरींना.’

माझा पहिलाच संशयित हातातून निसटला. मी एक मजला चढून गाणंबाईकडे गेले. ती दारातच म्हणाली, ‘कोणाला सांगू नका हं,’ आणि मागे पाच-सहा मुलं तोंड मिटून बसलेली.

‘हॉल उघडला तर बरं होईल ना तुम्हाला?’

‘मला काय, मुलं येतात मागच्या जिन्यानं.’ मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसली. ‘तुमच्या वहिनींचा आवाज काय हो! संध्याकाळी वरून आकडा ऐकू येतो, किती ठणठणीत. तेवढा वेळ मी शिकवणी थांबवते. आणि हल्ली ते दोघं नंतर किती वेळ गप्पा मारत बसतात! हसतातसुद्धा.’

‘दादा? हसतो?’

‘मोठ्यानं. पूर्वी नव्हतं असं. महिना-दीड महिना झाला असेल.’

दादाला मोठ्यानं हसताना मी शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवेना. हे डोक्यात घोळवतच मी चौथ्या मजल्यावर सेक्रेटरींकडे गेले.

त्यांच्या पुढच्या खोलीत एक पलंग होता, नवी चादर घातलेला, कोणी न झोपलेला. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी लावलेली. उशाशी पाण्याचं भांडं, त्यावर झाकण.

‘आईसाठी,’ ते म्हणाले. ‘साथीच्या आधी तिचं कंबरेचं हाड मोडलं, म्हणून वृद्धाश्रमात ठेवली. चार महिन्यांसाठी! मग साथ आली आणि तिथली दारंच बंद झाली. इथेच दोन गल्ल्या पलीकडे. मी खिडकीखाली उभा राहतो आणि आम्ही फोनवर बोलतो. काल तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे कधीच सगळं मोकळं झालंय, तुम्ही आईंना नेत का नाही? म्हणून आज सकाळी मी ते पान उघडून बघितलं.’

‘अहो, पण बाकीचे सगळे तर...’

‘माहितीय मला. मागचा जिना मलाही दिसतो.’ ते पलंगाची चादर उगाच सारखी करत होते. ‘पण नियम मी केला होता. मीच कसा मोडणार? मी आईला रोज सांगायचो, रेघ खाली आली की आणतो. परवा तिनं विचारलं, ही रेघ कोण आहे रे, आणि माझ्यावर इतकी का रागावलीय?’

मला तिथे उभं राहवेना. अख्ख्या इमारतीत नियम पाळणारा एकच माणूस होता, ज्यानं तो केला तो. बाकी कोणाला रेघ वर असली काय नि खाली असली काय, सारखंच. मग खोटे ठिपके टाकले कोणी, आणि कशासाठी?

३

भिंग घेऊन मी तक्त्यापुढे उभी राहिले. दादाचा ठिपका ओळखता येतो. आधी बारीक गोल, मग त्यात टिंब, आणि गोल नेहमी डावीकडून सुरू झालेला. सहा आठवड्यांचे सगळे ठिपके मी एकेक करून बघितले. कुठे खाडाखोड नाही, कुठे दुसरी शाई नाही. प्रत्येक ठिपका त्याच्याच हातचा.

म्हणजे भिंतीवर कोणी काही केलेलं नव्हतं. दादाला जे सांगितलं गेलं तेच त्यानं टाकलं होतं, किंवा मग त्यानंच जाणूनबुजून... छे! मी वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. दाराच्या फटीतून बघितलं, तर तो तसाच पडलेला, गालावरचा साबण वाळून पांढरा झालेला. डोक्यात तिडीक गेली. ऊठ की रे, माझ्यावर ओरड तरी!

शेवटी घरातलं कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि पायरीवर बसले. तारखा जुळवायला लागले. रेघ खोटी असली तरी खळ्या होत्या. दर आठवड्याला एक, अगदी नियमानं. मनानं आकडे ठोकून देणाऱ्याला हे सुचत नाही, तो नुसता चढ-उतार देतो. ह्या खळ्या खऱ्या वाटत होत्या. मी पहिल्या खळीवर बोट ठेवलं आणि तारीख बघितली. मंगळवार.

दुसरी खळी. मंगळवार. तिसरी, चौथी, सगळ्या मंगळवारी.

मी उठून उभी राहिले, गुडघ्यांचं भानच राहिलं नाही. हे मी पूर्वी बघितलेलं होतं, फक्त आलेखावर नाही. आमच्या गाडीत लोक मागच्या वर्षीचा पास घेऊन यायचे, वर्षाचा आकडा नखानं खरवडलेला. तारीख बरोबर, महिना बरोबर, शिक्का बरोबर. नवे तपासनीस फसायचे. मी फक्त वार बघायचे. पासावर तारखेशेजारी वार छापलेला असायचा, आणि मागच्या वर्षी जी तारीख सोमवारी होती ती ह्या वर्षी मंगळवारी येते. किती जणांना मी तेवढ्यावर खाली उतरवलंय!

स्वयंपाकघरातून बटर पेपर आणला. सहा आठवड्यांच्या डोंगरावर धरून पेन्सिलीनं गिरवला. मग कठडा धरत धरत एक मजला खाली उतरले, जिथे मागच्या वर्षीचे हेच दिवस होते, आणि कागद त्या रेघेवर ठेवला.

केसाचाही फरक नव्हता. चढाला चढ, खळीला खळी. वरची रेघ खालच्या रेघेत अशी बसली, की बटर पेपरवरची पेन्सिल दिसेचना.

कोणीतरी ह्या वर्षीच्या तारखेला मागच्या वर्षीचा आकडा दिला होता. आणि दादाला रोज आकडा कोण देतं, हे इमारतीच्या मांजरालाही माहीत होतं.

४

वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी धापा टाकत गेले आणि कागद तिच्यापुढे धरला.

‘वहिनी, तुम्ही मागच्या वर्षीचे आकडे वाचलेत.’

तिनं हातातली उशीची खोळ झटकली, दोरीवर टाकली. ‘तो चिमटा द्या, वन्सं.’ मी दिला. तिनं लावला. मग म्हणाली, ‘हो.’

मला वाटलं होतं रडेल, नाकारेल. पण ही बाई पस्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. पलीकडे आग लागलेली असली, तरी हिचा आवाज कधी हलला नाही.

‘का?’

‘रेघ हिरवीला टेकली, त्या दिवशी ह्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, भूक नाही. मागच्या खेपेला अस्संच सुरू झालं होतं, तुम्हीही बघितलंय. दोन महिने मी ह्यांना चमच्यानं भरवलं. आंघोळीला नेताना हात सोडला की खाली बसायचे. पुन्हा ते मला होणार नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी फोन वर सरकवला, मागच्या वर्षी त्याच तारखेला जे होतं ते वाचलं. ह्यांनी ठिपका टाकला. पेन्सिल खाली ठेवली. आणि म्हणाले, जेवायला वाढ.’

‘अहो, पण मागच्या वर्षीचेच का? एखादा आकडा मनानं सांगायचा होतात. पकडलंच नसतं कोणी.’

‘मनानं मला सांगता येत नाही.’ हे म्हणताना मात्र तिला थोडी लाज वाटली. ‘इतकी वर्षं समोर लिहिलेला नंबर वाचला. समोर काही नसलं की जीभ अडखळते, आणि ह्यांना लगेच कळतं. खोटं बोलायचं तर तेही खऱ्या कागदावरून.’

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रागही आला. ‘आणि सेक्रेटरींची आई?’

‘कोणाची आई?’

मी सांगितलं. नवी चादर, भिंतीला लावलेली दांडी, खिडकीखाली उभं राहून केलेले फोन. वहिनीचे हात खाली आले. ओला टॉवेल तिच्या पायांवर ठिबकत राहिला.

‘मला वाटलं, त्या नियमाला आता कोणी विचारत नाही,’ ती म्हणाली. ‘वकिलांकडे एवढी माणसं, गाणंबाईकडे मुलं... मला वाटलं, हा आमच्या दोघांपुरताच मामला आहे.’ आणि तो पस्तीस वर्षं न हललेला आवाज हलला. ‘मी आत्ता जाऊन त्यांच्या पाया पडते. सगळ्यांसमोर सांगते. पण ह्यांना नका सांगू, वन्सं. ह्यांना कळलं की मी सहा आठवडे तोंडावर खोटं वाचलं, तर पुन्हा माझ्याकडून एक आकडा घेणार नाहीत. मग ते उठणार कशासाठी?’

५

सगळ्यांसमोर सांगायचं आणि दादाला कळू द्यायचं नाही! तो काय इमारतीत राहत नाही? मी तणतणत जिना उतरले. दोष कोणाचा ते कळलं होतं, पण जीव काही शांत होत नव्हता. काहीतरी राहिलं होतं. तिकिटांच्या गठ्ठ्यात एखादं तिकीट उलटं लागलं की हाताला कळतं, तसं.

तक्त्यापुढे पाय आपोआप थांबले. आणि आता मला जे नव्हतं ते दिसलं.

लाल खुणा. पार तळमजल्यापासून प्रत्येक खळीखाली लाल पेन्सिलीची खूण होती, एकही न चुकता. पलंगात होता त्या दोन महिन्यांचीही त्यानं उठल्यावर भरून काढली होती, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी नाही चुकली. आणि ह्या सहा आठवड्यांत, मंगळवारच्या खळ्यांखाली, एकही खूण नव्हती.

खूण करायची राहिली असं दादाचं होत नाही. ‘सोमवारची खळी’ हे नाव त्यानंच दिलेलं. मंगळवारी आलेल्या खळीला त्यानं सोमवारची खूण केली नाही, कारण ती सोमवारची नाही हे त्याला दिसलं होतं. पहिल्याच आठवड्यात. सकाळी सेक्रेटरी ओरडत होते, तेव्हा हा स्वयंपाकघराकडे का बघत होता, तेही मला कळलं.

मी दार ढकलून आत गेले आणि पलंगाच्या पायाला लाथ घातली.

‘तुला माहीत होतं!’

दादा हलला नाही. भिंतीलाच म्हणाला, ‘हळू बोल, छकू.’

एकसष्ट वर्षांच्या बाईला छकू म्हणणारा जगात हा एकच उरलाय, आणि त्या नावानं मी नेहमी विरघळते. त्या दिवशी नाही विरघळले.

‘मंगळवारची खळी बघितलीस आणि गप्प बसलास. मूग गिळून! का?’

तो वळला. ‘पहिल्या आठवड्यात वाटलं, तिच्या हातून चुकून पान सरकलं असेल. दुसऱ्या आठवड्यातही मंगळवारीच खळी आली, तेव्हा समजलं मुद्दाम करतेय. कशासाठी तेही समजलं. मी काही बावळट नाही.’

‘मग तोंड का नाही उघडलंस?’

‘तुला माहितीय ना, ती कामावरून आली की घरात एक शब्द बोलायची नाही? दिवसभर लोकांशी बोलून तिला आवाजाचा वीट यायचा. मीही कधी काही बोललो नाही. पस्तीस वर्षं आम्ही खुणांवर संसार केला.’ तो उठून बसला. वाळलेला साबण गालावरून सुटून चादरीवर पडला. ‘आता आकडा वाचायची, आणि खोटं वाचलंय म्हणून की काय कोण जाणे, नंतर उठायचीच नाही. समोर बसून राहायची. एकदा म्हणाली, ठिपका नीट पडला ना? मग म्हणाली, आज भाजी कशी झाली होती? असं करत करत तासभर. मी खरं सांगितलं असतं तर तिनं फोन बंद केला असता आणि आत गेली असती.’

‘आणि चौथ्या मजल्यावरच्या माणसाची आई दोन गल्ल्या पलीकडे खिडकीत बसून राहिली. तुमच्या भाजीच्या गप्पांसाठी!’

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. ‘त्यानं अजून आणलं नाही? सगळ्यांनी तर आपापली माणसं आणली...’

‘त्यानं नाही आणलं. तो तुझ्या रेघेवर विश्वास ठेवून होता. तो एकटाच!’

दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तसाच, हातांआडून म्हणाला, ‘संध्याकाळी मी सांगतो, मीच मुद्दाम खोटे ठिपके टाकले. पण तिला कळू देऊ नकोस की मला माहीत होतं. तिला लाज वाटेल. पुन्हा बसणार नाही माझ्यापुढे.’

तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

‘मी काय तुमची टपालपेटी आहे?’ मी अशी ओरडले, की खाली गाणं थांबलं. ‘ती म्हणते ह्याला सांगू नका, हा म्हणतो तिला सांगू नकोस! वहिनी! आहात तशा खाली या! ह्याला सगळं पहिल्यापासून माहीत होतं! आणि दादा, तुला माहीत होतं हे तिला आत्ता कळलं! झालं? आता दोघांनी मिळून लाज वाटून घ्या!’

जिन्यावर पावलं वाजली आणि दारात थांबली. वहिनी हातात ओला टॉवेल घेऊन उभी होती. ती दादाकडे बघत होती आणि दादा जमिनीकडे.

‘पहिल्यापासून?’ ती म्हणाली.

‘दुसऱ्या मंगळवारपासून,’ दादा म्हणाला.

तिनं हातातल्या ओल्या टॉवेलची घडी घातली आणि पुन्हा मोडली. मला वाटलं, मी केलं ते केलं आणि सगळं नासवलं.

६

सहा वाजता अंगणात सगळे जमले. वकील मेहुण्याला मागे लपवून उभे. गाणंबाई एका कडेला. सेक्रेटरी मधोमध, हाताची घडी घातलेली. दादा आणि वहिनी जिन्यातून एकत्र उतरले. मधे हातभर अंतर, पण एकत्र.

‘चूक माझी,’ दादा म्हणाला.

‘आकडे मी वाचले,’ वहिनी म्हणाली.

‘ठिपके मी टाकले. मला माहीत होतं, तरी टाकले.’

‘मी वाचले नसते तर ह्यांनी टाकले नसते.’

‘तू गप्प बस जरा.’

‘पस्तीस वर्षं गप्पच होते. आता नाही बसणार.’

कोणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सोमवार, मंगळवार, पलंग, चमच्यानं भरवणं, सगळं. मग वहिनीकडे वळून त्यांनी एकच विचारलं.

‘आजचा खरा आकडा किती?’

वहिनीनं फोन उघडला. ‘शून्य.’

‘पुन्हा वाचा.’

‘शून्य. काल दोन. परवा तीन. त्याआधी एक.’ ती वाचत गेली, एकेक दिवस मागे, आणि आवाज हलत होता तरी थांबली नाही. कोणी तिला अडवलं नाही. मी दादाकडे बघत होते. शून्य. ह्याच आकड्यावर तो गेल्या खेपेला आडवा झाला होता. त्याचा हात कठड्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती.

सहा आठवडे वाचून संपले. सेक्रेटरींनी खिशातून फाटकाची किल्ली काढली. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि म्हणायची गरजही नव्हती. ‘आईला आणायला जातो,’ एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

‘चार मजले आहेत,’ दादा म्हणाला.

सेक्रेटरी थांबले, पण वळले नाहीत.

‘तिच्या कंबरेचं हाड मोडलंय ना? चढणार कशी? खुर्चीत बसवून उचलावं लागेल. दोन माणसं लागतील.’ कठडा सोडून दादा पुढे झाला. ‘मागून मी धरतो.’

सेक्रेटरी फाटक उघडून बाहेर गेले आणि फाटक हातानं धरून ठेवलं, दादा येईपर्यंत.

अंधार पडायच्या आत ते परत आले. खुर्चीत शालीत गुंडाळलेली म्हातारी, एवढीशी. सेक्रेटरी पुढे, दादा मागे, आणि त्यांच्या मागे आम्ही दोघी, पडलेच तर झेलायला. म्हणजे मी झेलणार होते, ह्या गुडघ्यांनी! प्रत्येक मजल्यावर ते थांबायचे, धापा टाकायचे, पुन्हा उचलायचे. म्हातारी भिंत बघत वर येत होती, सगळे डोंगर, सगळ्या खळ्या.

तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकली तेव्हा तिनं शेवटच्या डोंगराकडे बोट केलं. ‘ही काय रेघ?’

सेक्रेटरींनी मान फिरवली. दादाचा श्वास लागलेला, कपाळावरून घाम ओघळत होता.

‘एवढा तुकडा खोटा आहे, आई,’ तो म्हणाला. ‘ही वाचून दाखवेल, मी सगळा पुन्हा काढतो. उद्या सकाळी लवकर बसतो.’

‘सातला,’ मागून वहिनी म्हणाली. ‘मी चहा ठेवते.’

‘मग बोलत काय बसलात,’ म्हातारी म्हणाली. ‘अजून एक मजला आहे ना?’

त्यांनी खुर्ची उचलली. मी मात्र तिथेच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. वहिनीनं खांद्यावर हात ठेवला, तर तिलाच म्हणाले, गुडघा दुखतोय, बाकी काही नाही.